बत्तीस आणि एक टिंब

पंपघर, सोमवार
दुपारची पाळी सुरू होण्याआधी

तीर्थरूप मामा यांच्या चरणी भाच्याचे अनेक नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचून झालं की ती ओळ तुमच्या मनाने दुरुस्त करून घ्या. तुमचं पत्र गेल्या बुधवारी पोचलं. नेहमीप्रमाणे तीन ओळींचं. तुझं पत्र मिळालं, इकडे हवा बरी आहे, प्रकृती उत्तम, आणि पुढे तुमची ती सवयीची टिंबं. वाचून आनंद झाला. तुमच्या भाचेसुनेने विचारलं, काय म्हणतात मामा, तर मी म्हटलं, उत्तम आहेत. तिने विचारलं, आणि गुडघा? मी म्हटलं, उत्तम म्हणजे त्यात गुडघाही आला. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर ऐकू येत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं आहे (जिन्याखालचा नळ कुणी ठिबकता ठेवला तर वरच्या मजल्यावर तुम्हाला बरोबर ऐकू येतं, असं मास्तर सांगत होते), तेव्हा पत्राला इलाज नाही. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही म्हणून शेजारचे मास्तर तुम्हाला पत्र वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मास्तरांनाही नमस्कार. मास्तर, कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचलात तरी चालेल.

तर झालं असं, की तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी भर दुपारी आपलं टर्बाइन बंद पडलं. कुणी बंद केलं नाही, आपणहून पडलं. बेअरिंगचं तेल तापलं, घंटा झाली आणि आम्ही धावत वर पोचेपर्यंत त्याने मान टाकली होती. टर्बाइन थांबलं म्हणजे वीज गेली आणि वीज गेली म्हणजे कागदाची यंत्रं थांबली. ओल्या कागदाचा लांबच लांब पट्टा रुळावरच फाटून लोंबत राहिला. कारखान्यात इतकी शांतता मी नोकरीत पहिल्यांदा ऐकली. पक्षी ओरडत होते. आपल्या आवारात पक्षी आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

(मास्तर, तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण मामा समजावून सांगायला लागले तर पत्र संध्याकाळपर्यंत संपणार नाही. टर्बाइन वाफेवर फिरतं. काम करून दमलेली वाफ खाली कंडेन्सर नावाच्या मोठ्या पिंपात येते. त्या पिंपातून चार हजार पितळी नळ्या आडव्या गेलेल्या असतात आणि नळ्यांतून गार पाणी वाहत असतं. नळ्यांना लागून वाफेचं परत पाणी होतं. तेच गार पाणी बेअरिंगच्या तेलालाही गार ठेवतं. यात गार पाणी स्वतः ऊन होतं, म्हणून ते उंच टॉवरवर चढवायचं, वरून फवारायचं, पंख्याचा वारा द्यायचा आणि खाली हौदात गार होऊन पडलं की पंपाने पुन्हा आत पाठवायचं. पाणी तेच, फेऱ्या जन्मभर. मामा याला संसार म्हणायचे. हे जे फिरणारं पाणी आहे, ते मामांचं खातं होतं आणि त्यांच्यानंतर गेली सहा वर्षं माझं.)

तेल का तापलं? पाणी ऊन होतं म्हणून. पाणी का ऊन होतं? हा प्रश्न नव्या मॅडमनी मला विचारला. मॅडमविषयी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्या टर्बाइनच्या मुख्य इंजिनिअर म्हणून आल्या. आपल्या थोरलीपेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील. खिशात एक विजेरी आणि एक छोटा डिजिटल थर्मामीटर असतो. आवाज कधी चढवत नाहीत. तुमच्या वेळचे साहेब ओरडायचे, आपण मान खाली घालायचो, ते ओरडून दमायचे आणि विषय संपायचा. या ओरडतच नाहीत, त्यामुळे विषय संपतच नाही. त्यांनी विचारलं, पाणी का ऊन होतं. मी म्हटलं, पाणी ऊन नव्हतं मॅडम, पाणी बत्तीसवर होतं, नोंदवहीत आहे. त्यांनी वही घेतली, दोन पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, टर्बाइन बंदच आहे तर वार्षिक तपासणी आत्ताच करून घेऊ.

तपासणीचे पहिले चार दिवस झकास गेले. तुम्ही असता तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. आधी पंपाच्या तोंडावरची जाळी काढली. तिच्यात शेवाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक डावी चप्पल आणि एक बेडूक निघाला. बेडकाने आमच्याकडे असं पाहिलं, की आम्हीच न विचारता त्याच्या घरात शिरलो होतो. जाळी काढायचं काम फिटरकडे होतं. आपला तोच फिटर, ज्याला तुम्ही ‘उद्या’ असं नाव ठेवलं होतं. नाव अजून टिकून आहे आणि माणूसही नावाला जागून आहे. त्याला शुक्रवारी सांगितलेली जाळी त्याने सोमवारी काढली, आणि वर मला सांगितलं की बेडकाला निघून जायला वेळ दिला होता. मग कंडेन्सरची दारं उघडली. लांब काठ्यांना ब्रश बांधून चार हजार नळ्या एकेक करून घासल्या. नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला पाणी भरून ठेवलं आणि कुठल्या नळीतून थेंब येतो ते बघत तुमच्यासारखाच स्टुलावर बसून राहिलो. दोन नळ्या गळक्या सापडल्या. त्यांना दोन्ही तोंडांना पितळी बुचं ठोकली. नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या पत्र्यावर तुमच्या हातची सव्वीस बुचं अजून घट्ट आहेत (मोजली). मग टॉवरवर चढलो आणि तिथे मात्र माझं तोंड उतरलं. फवारणीची निम्म्याहून जास्त भोकं मातीने आणि क्षाराने बुजली होती. उरलेल्यांतून पाणी फवारत नव्हतं, बादली उपडी केल्यासारखं एका जागी पडत होतं. असं पाणी गार होत नाही, नुसतं ओलं होतं.

पाचव्या दिवशी ते घडलं, ज्याच्यासाठी मी मघापासून बेडकाच्या गोष्टी सांगतोय.

पंपाकडून कंडेन्सरकडे जाणारा मोठा पाइप आम्ही सोडवून उघडा केला होता. आत गंज किती धरला आहे हे पाहायला ‘उद्या’ खांद्यापर्यंत आत शिरला होता. बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते. मॅडम आल्या. त्यांनी नोंदवही मागितली. मी दिली. त्यांनी त्याच दिवसाचं पान काढलं. सकाळी आठ वाजता, येणाऱ्या पाण्याचं तापमान, बत्तीस. नऊ वाजता, बत्तीस. दहा वाजता, बत्तीस. प्रत्येकापुढे माझी सही. त्यांनी शांतपणे विचारलं, पाइपात पाणी आहे का? मी म्हटलं, नाही. किती दिवस नाही? म्हटलं, पाच. मग आत बत्तीस अंश काय आहे? मामा, मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आहे, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पाइपाकडे पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं. म्हटलं, आत फिटर आहे, मॅडम.

त्या म्हणाल्या, माणूस सदतीस असतो.

मग त्यांनी पाइपावरचा तो तबकडीचा थर्मामीटर स्वतः पाना लावून काढला. कोपऱ्यातला, ज्याच्या काचेला तडा आहे, तोच. तो हातात धरला. बत्तीस. माझ्या चहात बुडवला. बत्तीस. पिण्याच्या गार पाण्यात बुडवला. बत्तीस. इतका स्थिर स्वभाव मी माणसांत पाहिला नाही. खरं सांगायचं तर मला त्या थर्मामीटरचा थोडा हेवा वाटला, कारण माझ्या अंगाला तेव्हा दरदरून घाम फुटला होता.

मी खोटं लिहीत होतो असं समजू नका. तासातासाला मी त्या काट्याकडे बघत होतो. काटा बत्तीसवर होता. मी बत्तीस लिहीत होतो. वही माझ्या हाती आली त्या दिवसापासून काटा बत्तीसवरच होता, तेव्हा मला वाटलं की पाण्याचा स्वभावच तो असेल. थंडीत बत्तीस, कडक उन्हाळ्यात बत्तीस. एकदा रजेवर जाताना मी पुढच्या आठवड्याचे आकडे आधीच भरून गेलो होतो आणि परत येऊन पडताळले तर सगळे बरोबर निघाले. (हे मॅडमना सांगितलेलं नाही.) टर्बाइन बंद असताना लिहायचं नसतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हात वहीकडे गेला आणि लिहून मोकळा झाला. म्हणतात ना, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. वहीवर सोनेरी अक्षरात ‘तापमान नोंद’ आहे आणि आत हा कारभार.

संध्याकाळी कागद हातात आला. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा, की प्रत्यक्ष मोजमाप न करता नोंदी का केल्या, नाहीतर फोरमनपदावरून कमी का करू नये. ‘का करू नये’ या प्रश्नाला उत्तर सुचत नव्हतं, म्हणून मी मोठ्या साहेबांकडे गेलो. मोठे साहेब तुम्हाला आठवत असतील. तुमच्या निरोपाच्या दिवशी तुमच्याविषयी बोलता बोलता ज्यांनी स्वतःविषयी पाऊण तास भाषण केलं, तेच. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, जुन्या वह्या काढ आणि पहिलं बत्तीस कुणाच्या हातचं आहे ते बघ. ते तुझ्या हातचं नसलं तर तू फक्त चालत आलेली पद्धत पुढे चालवलीस. तसं लिहून दे. मामा रिटायर झालेत, त्यांचं आता कोण काय वाकडं करणार?

मी दप्तरखोलीत गेलो. सोबत मॅडमही आल्या, त्यांना त्यांचं काही बघायचं होतं. धुळीने शिंकत शिंकत मागे मागे गेलो. माझी सहा वर्षं, सगळी बत्तीस. त्यामागे तुमचं अक्षर सुरू झालं. तुमच्या शेवटच्या तीन वर्षांतही सगळी बत्तीस. आणि त्याच्याआधी एकदम तीस, चौतीस, एकतीस, सदतीस, साडेतेहेतीस. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी दुपारी दोन वाजता थर्मामीटर गेला, आणि पहिलं बत्तीस तुमच्या हातचं होतं.

मामा, लाज वाटते, पण लिहितो. त्या रात्री जेवण झाल्यावर मी खुलासा लिहायला बसलो. आधी एकात थर्मामीटरला दोष दिला, तो चार ओळींत संपला. दुसऱ्यात खरेदी खात्याला दिला, तो फार लांबला. तिसऱ्यात लिहिलं की ही पद्धत माझ्या आधीच्या फोरमननी सुरू केली, मी त्यांच्या हाताखाली शिकलो, आणि त्यांनी जसं शिकवलं तसं केलं. अक्षरही चांगलं आलं होतं. तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. द्यायला हात होत नव्हता आणि फाडायलाही होत नव्हता. ज्या माणसाने मला वडिलांच्या मागे घरी आणलं, पाना कसा धरायचा ते शिकवलं, स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला देऊन आज भूक नाही म्हणून सांगितलं, त्याच्या नावावर मी माझं बत्तीस चढवत होतो.

तिसऱ्या दिवशी तुमच्या भाचेसुनेने तो शर्ट खिशासकट बादलीत भिजवला. म्हणते, लक्षातच आलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिच्या लक्षात न आलेली ही पहिली गोष्ट. मी लगद्याकडे बघत उभा होतो. ती कपडे पिळता पिळता म्हणाली, मामा जाताना तुम्हाला पाइपावर हात ठेवायला सांगून गेले होते ना? मी म्हटलं, हो, आणि मी रोज ठेवतो. ती म्हणाली, ठेवत नाही, थोपटता. मी बघितलंय, त्या वर्षी आम्हाला कारखाना दाखवायला नेलं होतं तेव्हा.

हे खरं आहे, मामा. शेवटच्या दिवशी तुम्ही मला कोपऱ्यात नेऊन म्हणाला होतात, काट्याच्या नादी लागू नकोस, सकाळी सकाळी पाइपावर हात ठेवत जा. मला वाटलं, तीस वर्षं सांभाळलेल्या पाइपात तुमचा जीव अडकला आहे. मी सहा वर्षं रोज सकाळी त्याला दोनदा थोपटत आलो, तुमची आठवण म्हणून. ज्या मंगळवारी टर्बाइन पडलं, त्या सकाळीही थोपटला होता. पाइप चांगला ऊन लागला. मी मनात म्हटलं, आज हवेत उकाडा फार आहे.

त्याच दुपारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर तुमच्या तीन वर्षांच्या वह्या पसरल्या होत्या, शेजारी दुरुस्तीची वही. त्यांनी तुमच्या एका बत्तीसवर बोट ठेवलं आणि विचारलं, आकड्यापुढे हे टिंब कसलं? मी म्हटलं, सवय आहे मॅडम, मामा आकड्यापुढे टिंब द्यायचे, म्हणून मीही देतो. त्या म्हणाल्या, तुम्ही सहा वर्षं प्रत्येक बत्तीसपुढे एकच टिंब दिलंय. यांच्याकडे कधी एक आहे, कधी दोन, कधी तीन. आणि ज्या ज्या दिवशी तीन टिंबं आहेत, त्या त्या आठवड्यात दुरुस्तीच्या वहीत टॉवरची भोकं साफ केल्याची नोंद आहे. एकदाही चुकलेली नाही. मग त्यांनी स्वतःचा तळहात माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, तळहाताची कातडी साधारण बत्तीस-तेहेतीस अंश असते. पाइप हाताला ना गार ना गरम लागला, तर एक टिंब. जरा ऊन लागला, दोन. हात ठेवताक्षणी ऊन असल्याचं कळलं, तीन. तुमच्या मामांकडे थर्मामीटर नव्हता, म्हणून ते स्वतःच थर्मामीटर झाले होते.

मी खुर्चीत बसलो. (त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.) मामा, मी सहा वर्षं तुमच्या टिंबाची नक्कल करत होतो. अर्थ न विचारता. टिंब बाकी गोल यायचं.

पुढे त्याच वहीत टाचणीने लावलेल्या तीन चिठ्ठ्याही सापडल्या. नवीन थर्मामीटर मिळावा, म्हणून तुम्ही खरेदी खात्याला तीनदा लिहिलं होतं. तिन्हींवर उत्तर एकच. नोंदवहीनुसार तापमान कायम बत्तीस अंश, म्हणजे समाधानकारक आहे, सबब नवीन उपकरणाची आवश्यकता दिसत नाही. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मग थांबून म्हणाल्या, पण त्यांनी आकड्याच्या जागी बत्तीस लिहायला नको होतं, रकाना कोरा सोडायला हवा होता. मी म्हटलं, मॅडम, कोरा रकाना दिसला की तुमच्या आधीचे साहेब वही तोंडावर फेकायचे. त्यांनी एवढंच लिहून घेतलं.

मग मी चौथा खुलासा लिहिला. जसाच्या तसा उतरवतो. ‘माझ्या आधीचे फोरमन पाण्याचं तापमान हाताने बघून वहीत खूण करत होते आणि वेळेवर टॉवर साफ करून घेत होते. त्यांच्या काळात टर्बाइन तेल तापून एकदाही बंद पडलेलं नाही. त्यांनी मला पाइपावर हात ठेवायला सांगितलं होतं. मी रोज हात ठेवला, पण लक्ष ठेवलं नाही. चूक माझी आहे.’ मोठ्या साहेबांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, तुला सांगून काही उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, पाणी हेच माझं खातं आहे साहेब.

निकाल आज सकाळी लागला. नोकरी शाबूत आहे. तीन महिने फोरमनपद काढून घेतलं आहे, आणि त्या तीन महिन्यांत तासातासाला तापमानाची नोंद मी स्वतः करायची आहे. नवा थर्मामीटर मॅडमनी मागवला तो साडेतीन तासांत आला. नऊ वर्षं आणि साडेतीन तास. प्रभारी फोरमन म्हणून ‘उद्या’ला नेमलं आहे. त्याचं काय झालंय कुणास ठाऊक, मी काहीही विचारलं की तो म्हणतो, आत्ता. टॉवरची सगळी भोकं साफ झाली, टर्बाइन परवा सुरू झालं, तेल गार आहे, कागद निघतोय, पक्षी पुन्हा ऐकू येत नाहीत. आज सकाळपासूनचे आकडे तीस, एकतीस, साडेएकतीस असे आलेत. अकरा वाजता काटा बरोबर बत्तीसवर आला आणि मला तो लिहायची हिंमत होईना. शेवटी मॅडमना बोलावून दाखवला, मग लिहिला.

बाकी सर्व ठीक. थोरली परीक्षेच्या अभ्यासात आहे. तुमची भाचेसून साष्टांग नमस्कार सांगते आणि विचारते की पाठवलेला स्वेटर अंगात घालता की उशाखाली ठेवता. मास्तरांनी घसा ओला करून घ्यावा. नोंदीची वेळ झाली, थांबतो.

तुमचा,
भाचा (तूर्त फोरमन नसलेला)

ता. क. एक महत्त्वाचं राहिलं. मॅडमची अशी इच्छा आहे की तुम्ही दोन-चार महिन्यांसाठी इकडे यावं आणि पंपघरातल्या सगळ्यांना हाताने तापमान ओळखायला शिकवावं. उपकरण बिघडलं तरी माणूस बिघडता कामा नये, असं त्या म्हणतात. राहायची सोय आमच्याकडेच. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. तिला जिना नाही.

ता. क. दुसरं. वरचा ताजा कलम ही थाप आहे. मॅडम तसं काही म्हणालेल्या नाहीत. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्याही असत्या, पण खोली मी त्यांना न विचारताच रिकामी केली. तुम्ही कामाशिवाय कुणाकडे येत नाही, म्हणून काम शोधलं होतं. या पत्रातली एवढी एकच नोंद न मोजता केली आहे.

ता. क. तिसरं. मास्तर, इथून पुढचा कागद त्यांच्या हातात द्या. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे, त्यांचं त्यांना वाचू द्या.

मामा, त्या दिवशी मॅडमच्या टेबलावरून उठून घरी आलो आणि तुमची सहा वर्षांची पत्रं डब्यातून काढून जमिनीवर ओळीने मांडली. सगळ्यांत प्रकृती उत्तम. मग पुढची टिंबं मोजली. पुष्कळ पत्रांत एक आहे. तुम्ही जिन्यावरून पडलात आणि आम्हाला चार महिन्यांनी मास्तरांकडून कळलं, त्या महिन्याच्या पत्रात दोन आहेत. मामी गेल्यानंतरच्या पहिल्या पत्रात तीन आहेत. गेल्या बुधवारी जे पत्र आलं आणि जे वाचून मी सगळ्यांना मामा उत्तम आहेत असं सांगत सुटलो, त्यात चार आहेत. चार टिंबं तुम्ही टर्बाइनलाही कधी दिली नव्हती.

या पत्राला उत्तर लिहू नका. शनिवारी दुपारी मी गाडी घेऊन येतो. दार उघडलंत की आधी तुमच्या कपाळावर हात ठेवणार आहे. थोपटायला नाही.